समुद्रकाठचा गाइडेड ट्रेक आणि कॅम्पिंग: पहिल्यांदा जाताय तर हे वाचून जा

डोंगरातले ट्रेक केलेत म्हणून किनाऱ्याचा ट्रेक सहज जमेल असं बरेच जण धरून चालतात, चढ फारसा नाही, उंची नाही, एका बाजूला समुद्र आहेच तर वाट चुकणार कुठे. पण डोंगरात सकाळी कधी निघायचं ते आपण ठरवतो, इथे ते भरती-ओहोटी ठरवते, आणि ही एक गोष्ट डोक्यात नीट बसली की बाकीचं सगळं, म्हणजे किती चालायचं, तंबू कुठे लावायचा, नदी कधी ओलांडायची, आपोआप सोपं होत जातं. म्हणून गाइड बरोबर असला तरी हे स्वतःला कळलंच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. गाइड एकटा असतो, माणसं आठ-दहा असतात, आणि समुद्र सगळ्यांच्या पायाशी असतो.

ट्रिप ठरवताना काय विचारायचं

फोटो बघून पैसे भरू नका. आयोजकांना फोन करा आणि सरळ प्रश्न विचारा: एका गाइडमागे किती माणसं? गाइडने दुर्गम भागातल्या प्रथमोपचाराचा कोर्स केलाय का (साधा दोन-चार तासांचा फर्स्ट एड कोर्स वेगळा आणि हा वेगळा, यात डॉक्टर यायला तास-दिवस लागतील असं गृहीत धरून शिकवतात)? मोबाइलला रेंज नसेल तर संपर्क कशाने करणार? मधेच कोणाचा पाय मुरगळला तर किनाऱ्यावरून बाहेर पडायच्या वाटा कुठे कुठे आहेत? आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, रोजचं चालणं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून ठरवलंय का? याला "हो, रोज सकाळी आठला निघतो" असं उत्तर आलं तर मी तरी त्या ट्रिपला जाणार नाही, कारण ओहोटी रोज आठला नसते.

परमिटचंही विचारा. नावाजलेल्या किनारी वाटांवर रोज किती माणसं सोडायची यावर मर्यादा असते. कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावरची वेस्ट कोस्ट ट्रेल ७५ किलोमीटरची आहे, १०० हून जास्त शिड्या चढाव्या-उतराव्या लागतात आणि निघायच्या आधी माहितीचं सेशन केल्याशिवाय पुढे सोडत नाहीत. १९०६ मध्ये व्हॅलेन्शिया नावाचं जहाज तिथल्या खडकांवर फुटलं आणि खूप माणसं गेली, त्यानंतर फुटलेल्या जहाजांवरच्या लोकांना वाचवता यावं म्हणून ही वाट सुधारली गेली, म्हणजे हा किनारा कसा असेल त्याचा अंदाज करा. पहिल्याच वेळी असं काही घेऊ नका, दोन-तीन रात्रींची, रोज आठ-दहा किलोमीटरची ट्रिप भरपूर झाली.

भरती-ओहोटीचं गणित, हे सोडून पुढे जाऊ नका

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, एका भरतीपासून दुसरीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते. आज सकाळी सातला ओहोटी असेल तर उद्या आठच्या आसपास. पण हे सगळीकडे असंच नसतं, काही ठिकाणी दिवसात एकच भरती येते, आणि उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावर दोन्ही भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, एक मोठी एक लहान. त्यामुळे नुसती वेळ बघू नका, उंचीचा आकडा पण बघा.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते हे आपल्याला माहीतच असतं, तेव्हा पाणी जास्त वर येतं आणि ओहोटीला जास्त खाली पण जातं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. बऱ्याच ठिकाणी सगळ्यात मोठं उधाण तिथीच्या एक-दोन दिवस नंतर येतं, म्हणून पौर्णिमा काल झाली, आता टेन्शन नाही, असं समजू नका. जागेप्रमाणे फरकही प्रचंड असतो, भूमध्य समुद्रात बहुतेक ठिकाणी अर्धा मीटरही नाही आणि कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत, म्हणजे पाच मजली बिल्डिंगएवढा.

आता खरी कामाची गोष्ट. पाणी सहा तासांत एकाच स्पीडने चढत नाही. एकूण चढाचे बारा भाग करा, पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात परत एक. समजा त्या दिवशी फरक ३ मीटरचा आहे, तर पहिल्या तासात पाणी फक्त २५ सेंटीमीटर वर येतं, बघणाऱ्याला वाटतं काहीच होत नाहीये, बसू अजून थोडा वेळ, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात दर तासाला ७५ सेंटीमीटर. अर्धं पाणी या मधल्या दोन तासांतच येतं. खडकाच्या टोकापलीकडे अडकणारे लोक बहुतेक याच दोन तासांत अडकतात. हा ढोबळ हिशोब आहे, खाड्यांमध्ये आणि अरुंद जागी तो चुकतो, पण अंदाजाला उत्तम.

वेळापत्रक वाचताना अजून तीन गोष्टी बघायच्या. ते कुठल्या बंदराचं आहे आणि तुमची जागा तिथून किती लांब आहे. वेळ स्थानिक आहे की अजून कुठली, आणि उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करणारा देश असेल तर तो तास धरलाय का. आणि वेळापत्रक म्हणजे फक्त चंद्र-सूर्याचं गणित, त्यात हवामान नसतं. समुद्राकडून जोराचा वारा असेल किंवा हवेचा दाब पडला असेल तर पाणी छापलेल्या आकड्याच्या वर जातं, दाब एक हेक्टापास्कलने (हवामानाच्या अंदाजात हवेचा दाब याच एककात देतात) उतरला की पातळी साधारण एक सेंटीमीटर वाढते, वर लाटा वेगळ्याच.

वेळापत्रकाचा कागदावर प्रिंट काढून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, फोनच्या भरवशावर राहू नका. आणि मुक्कामाला पोचलात की एक काठी घ्या, आत्ता पाणी जिथपर्यंत येतंय तिथे रोवा आणि वीस मिनिटांनी बघा. काठी पाण्यात उभी असेल तर भरती आहे. हातात कागद असला तरी हे करा, दोन दिवसांत नजर अशी तयार होते की ओल्या वाळूकडे बघूनच पाणी चढतंय का उतरतंय ते कळायला लागतं.

सामान

सॅकचं वजन तुमच्या वजनाच्या पाचव्या भागाच्या आसपास ठेवा, वाळूत प्रत्येक जास्तीचा किलो जाणवतो. कॉटनचे कपडे नकोत, जीन्स तर मुळीच नको, कारण खारट हवेत भिजलेलं कॉटन वाळता वाळत नाही आणि वाऱ्यात अंगावर थंड पडतं. सिंथेटिक किंवा लोकरीचे कपडे, वरून वारा-पाऊस अडवणारं जॅकेट, झोपायच्या कपड्यांचा एक जोड वेगळ्या ड्राय बॅगमध्ये बांधून ठेवायचा आणि तो काही झालं तरी दिवसा काढायचा नाही.

बूट घोट्याला आधार देणारे आणि पटकन सुकणारे, ग्रिप चांगली असलेले. एक जोड हलक्या सँडल नदी ओलांडायला, अनवाणी ओलांडू नका, शिंपल्यांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. मोजे जास्त घ्या. वाळू मोज्यात गेली की अर्ध्या तासात फोड येतो, म्हणून थोडं जरी टोचलं तरी ग्रुपला थांबवा, बूट झटका, मोजा उलटा करून झटका. यात लाजण्यासारखं काही नाही, पहिल्या दिवशी फोड आला तर पुढचे सगळे दिवस लंगडत काढावे लागतात.

हेडलॅम्प आणि सुटे सेल, शिट्टी, टोपी, गॉगल, सनस्क्रीन. ऊन इथे वरून पण येतं आणि खालून पण, कोरडी वाळू अतिनील किरणांपैकी साधारण १५ टक्के परत फेकते आणि लाटांचा फेस २५ टक्के, त्यामुळे हनुवटीखाली, नाकाच्या खालच्या बाजूला आणि कानामागे पण लावा, ढगाळ असलं तरी.

प्यायचं पाणी

फिल्टरने मीठ जात नाही. गोळ्यांनी जात नाही, उकळून जात नाही. त्यामुळे ओढा समुद्राला मिळतो तिथलं पाणी भरायचं नाही, भरतीला खारं पाणी ओढ्यात बरंच आत शिरतं. वर चालत जा, चव घ्या, खारट लागत नाही अशा जागेवरून भरा आणि मग फिल्टर करा किंवा खळखळून एक मिनिट उकळा. काही किनाऱ्यांवर ओढ्याचं पाणी चहासारखं तपकिरी दिसतं, पानांचा आणि कुजलेल्या मातीचा रंग उतरलेला असतो, तो रंग बघून घाबरू नका, बाकी प्रक्रिया तीच करायची. माणशी दिवसाला तीन-एक लिटर धरा, ऊन कडक असेल तर जास्त, आणि पुढचा ओढा नक्की वाहतोय का ते गाइडला आदल्या रात्री विचारून ठेवा, कोरड्या दिवसांत नकाशावरचा ओढा जागेवर नसतो.

चालताना

मऊ कोरड्या वाळूत चालणं म्हणजे दमछाक, तासाला दोन किलोमीटर झाले तरी चांगलं. पाणी नुकतंच उतरलंय ती ओली घट्ट वाळू शोधा, ओहोटीत तिचा रुंद पट्टा मिळतो, हे पण ओहोटीत चालायचं एक कारण. गोल दगडांच्या किनाऱ्यावर घाई नको, प्रत्येक पाऊल टाकून दगड हलतो का बघून मग वजन द्या, काठ्या असतील तर उत्तम. खडकांवर काळा किंवा हिरवा चकचकीत थर दिसला तर तो निसरडा आहे असंच समजा. खडबडीत पांढुरके कवचवाले भाग पायाला पकड देतात, हाताला मात्र कापतात.

समुद्राकडे पाठ करायची नाही, हा नियम पहिल्या दिवशीच अंगात भिनवा. लाटा सारख्या येत नाहीत, दहा-पंधरा मिनिटं शांत गेल्यावर एखादी एकदम वरपर्यंत धावत येते. खडकावर बसून खायचं असेल तर आधी वीस मिनिटं लांबून लाटा बघा. आणि वाहून आलेले मोठे ओंडके पाण्याच्या जवळ असतील तर त्यांच्यावर चढू नका, बसू नका, फोटोसाठी पण नाही. घोटाभर पाण्यात सुद्धा लाट अख्खा ओंडका उचलून लोळवते आणि माणूस त्याच्याखाली येतो.

समुद्रात घुसलेलं खडकाचं टोक वळसा घालून पार करायचं असेल तर पाणी उतरत असताना तिथे पोचा, म्हणजे ओहोटीच्या तळाच्या तास-दोन तास आधी. तेव्हा तुमच्या हातात वेळ शिल्लक असतो आणि पाणी कमीच होत जाणार असतं. ओहोटी गाठून मग निघालं की प्रत्येक मिनिटाला जागा आकसत जाते. टोकापाशी आल्यावर गाइड थांबवेल, थांबा. अर्धा तास, तास, कधी तीन तास. कॅलिफोर्नियाच्या उत्तरेकडच्या लॉस्ट कोस्टवर, साधारण ४० किलोमीटरच्या वाटेवर, काही लांबलचक पट्टे असे आहेत की भरतीत तिथून जाताच येत नाही, एका बाजूला कडा, दुसरीकडे पाणी, मधे पळायला जागा नाही. तिथे वाट बघणं हाच प्रवासाचा भाग आहे. दक्षिण आफ्रिकेच्या ऑटर ट्रेलवर चौथ्या दिवशी ब्लॉक्रान्स नदीचं मुख ओलांडायचं असतं, ते मुक्कामापासून १० किलोमीटरवर आहे, आणि ओहोटी सकाळी लवकर असेल तर लोक अंधारातच हेडलॅम्प लावून निघतात. झोपेचं खोबरं होतं, पण नदी गुडघ्याएवढी मिळते.

नदी ओलांडतानाचं थोडक्यात: ओहोटीच्या तळाला पाणी जवळजवळ थांबतं, ती वेळ धरायची. पाणी जोरात समुद्राकडे ओढत असताना उतरायचं नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा म्हणजे पडलात तर सॅक टाकून देता येते. तोंड प्रवाहाकडे, बाजूला सरकत चालायचं, एका वेळी एकच पाय उचलायचा. मांडीच्या वर पाणी असेल आणि ओढ असेल तर परत फिरायचं, गाइड हो म्हणाला तरी तुम्हाला पटत नसेल तर तसं मोठ्याने बोला, चांगला गाइड ऐकतो.

तंबू कुठे आणि कसा

वाळूवर भरतीने आणलेल्या कचऱ्याची रेघ असते, समुद्रशेवाळ, काटक्या, फेसाचा थर. नवख्याला एकच रेघ दिसते, पण नीट बघा, दोन-तीन असतात. खालच्या रेघेतलं शेवाळ हातात घेतलं तर ओलं, बुळबुळीत, त्यात बारीक किडे उड्या मारतात, ती आजची. त्याच्या वर एखादी असते जिच्यातलं शेवाळ काळं पडलेलं, बोटांत चुरा होणारं, ती उधाणाची. आणि सगळ्यात वर, गवत सुरू होतं तिथे, उन्हाने पांढरे पडलेले ओंडके, ती वादळाची. तंबू उधाणाच्या रेघेच्या बराच वर, आणि रात्रीची भरती दिवसाच्यापेक्षा मोठी आहे का ते वेळापत्रकात बघूनच. हवा बिघडायची चिन्हं असतील तर पांढऱ्या ओंडक्यांच्याही मागे जा.

कड्याच्या खाली तंबू नको, पायथ्याला ताजे पडलेले दगड दिसत असतील तर अजिबातच नको. ओढ्याच्या तोंडाशी नको, वर पाऊस झाला तर रात्रीत पात्र बदलतं. वाळूच्या टेकड्यांवरचं गवत तुडवू नका, त्या मुळांनीच वाळू धरून ठेवलेली असते. पक्षी वाळूत उघड्यावर अंडी घालतात, एखादा पक्षी तुमच्याभोवती ओरडत घिरट्या घालतोय किंवा पंख तुटल्यासारखा लंगडतोय तर जवळ घरटं आहे, तिथून लांब जा.

साध्या खुंट्या वाळूत टिकत नाहीत. छोट्या कापडी पिशव्या घ्या, वाळू भरा, दोरी बांधा आणि फूटभर खोल पुरून वरून पायाने दाबा. पिशवी नसेल तर हातभर लांबीचं लाकूड आडवं पुरा, मधे दोरी. दोरी जितकी जमिनीजवळून तिरकी जाईल तितकी पकड घट्ट. तंबूची बारीक बाजू वाऱ्याकडे, दार वाऱ्याच्या उलट बाजूला. फक्त रात्री वारा बऱ्याचदा जमिनीकडून समुद्राकडे फिरतो, म्हणून संध्याकाळच्या वाऱ्यावर विसंबून एकच बाजू बांधू नका, सगळ्या दोऱ्या ताणून बांधा.

खाणं, शेकोटी, शौच

खाणं आणि वासाची प्रत्येक वस्तू, टूथपेस्ट सुद्धा, तंबूत ठेवायची नाही. अस्वलांच्या भागात कडक डबे लागतात, लॉस्ट कोस्टवर ते सक्तीचे आहेत. अस्वलं नसली तरी उंदीर, कावळे, रॅकून असतात आणि ते सॅकला भोक पाडून आत जातात. खडकावरचे शिंपले, कालवं काढून खायचा मोह होतो, स्थानिक यंत्रणेने सुरक्षित म्हटल्याशिवाय खाऊ नका, काही वेळा त्यांच्यात सूक्ष्म शेवाळातून आलेलं विष साठलेलं असतं आणि ते शिजवून नष्ट होत नाही.

शेकोटीला परवानगी असेल तर ती भरतीच्या रेघेखाली, छोटी, मनगटापेक्षा बारीक लाकडांची. विझवायची पाण्याने, वाळू टाकून नाही. वाळूखाली निखारे कितीतरी तास धगधगत राहतात, वरून काही दिसत नाही आणि दुसऱ्या कोणाचा तरी पाय भाजतो. शौचासाठी बहुतेक ठिकाणी पाण्यापासून ६०-७० मीटर लांब मातीत वीतभर खड्डा, कागद परत आणायचा, काही किनाऱ्यांवर नियम वेगळे असतात, ते गाइडला पहिल्याच संध्याकाळी विचारून घ्या.

काही बिघडलं तर

निघायच्या आधी घरच्या एका माणसाकडे वाट, मुक्काम आणि "अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर इथे कळव" असं लिहून द्या. ग्रुपमध्ये उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र किंवा ४०६ मेगाहर्ट्झचं बीकन (बटण दाबलं की उपग्रहामार्फत मदतीचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) असायला हवं, ते कुठल्या सॅकमध्ये आहे आणि कसं चालू करायचं ते गाइडशिवाय अजून दोघांना तरी माहीत हवं. गाइडच पडला तर?

कोणी थरथरायला लागलं, अडखळायला लागलं, बोलताना जीभ जड झाली किंवा उगाच गप्प-गप्प, चिडचिडं झालं तर शरीर गार पडतंय. ओले कपडे काढा, कोरडे घाला, वाऱ्यातून आडोशाला, शुद्धीत असेल तर गोड गरम प्यायला द्या, स्लीपिंग बॅगमध्ये घाला. "थोडं चाललं की बरं वाटेल" म्हणून पुढे रेटू नका.

पोहताना पाणी बाहेर ओढायला लागलं तर किनाऱ्याकडे सरळ झुंजू नका, दम संपतो. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्यातून बाजूला व्हा, मग आत या. हा पट्टा वरून ओळखता येतो, दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधे गडद, शांत दिसणारी फट आहे, नवखे लोक नेमके तिथेच शांत आहे म्हणून उतरतात. आणि जमीन बराच वेळ जोरात हादरली किंवा समुद्र अचानक वेळापत्रकात नसताना खूप मागे गेला, तर सामान सोडा, सूचनेची वाट बघू नका, उंचावर पळा, आणि पहिली लाट गेली म्हणून खाली येऊ नका, पुढची जास्त मोठी असू शकते.

परत आल्यावर

पहिला फोन ज्याच्याकडे कागद दिलाय त्याला. मग सामान गोड्या पाण्याने धुवा, त्याच दिवशी. मीठ आणि वाळू तंबूच्या चेनमध्ये राहिली की चेन अडकते आणि मग दात जातात, म्हणून चेन जुन्या टूथब्रशने घासा, खांबांचे सांधे पुसा, स्टोव्ह उघडून धुवा, हेडलॅम्पचे सेल काढून ठेवा. सगळं सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय पिशवीत भरायचं नाही, तंबू तर दोन दिवस तसाच पसरून ठेवा.